घराच्या अंगणातले छोटे तळे: जागा ठरवण्यापासून मासे सोडण्यापर्यंत

अंगणात किंवा परसबागेत तळे केलेल्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा चारच असतात: पाणी एका बाजूने सांडते, पातळी रोज घटते, पंधरा दिवसांत पाणी हिरवेगार होते आणि आणलेले मासे आठवड्याच्या आत मरतात. या चारही तक्रारींचे मूळ तळ्याच्या तळाशी क्वचितच सापडते. पहिल्या दोन तक्रारी काठाची पातळी न तपासता खड्डा खणल्यामुळे येतात, तर उरलेल्या दोन पाणी भरल्यावर वाट न पाहिल्यामुळे. म्हणून या लेखात खणण्याला थोडी जागा दिली आहे आणि खणण्याच्या आधीच्या व पाणी भरल्यानंतरच्या कामांना जास्त.

मापे नेमकी सांगता यावीत म्हणून ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट खोल असे जमिनीतले, अस्तराचा कागद (म्हणजे पाणी न झिरपू देणारा प्लास्टिकचा किंवा रबरी पडदा) घातलेले तळे येथे उदाहरणादाखल धरले आहे. उतरत्या बाजू, एक पायरी आणि गोलाई दिलेले कोपरे लक्षात घेता अशा तळ्यात सुमारे १६०० लिटर पाणी मावते. यापेक्षा बरेच लहान तळे उन्हाळ्यात फार तापते आणि त्यातले पाणी स्थिर राहत नाही. जागा कमी असेल तर उथळ तळ्यापेक्षा खोल, मोठ्या टबात एखादे कुमुद (वॉटर लिली) लावणे अधिक बरे. गच्चीवर मात्र हा आराखडा वापरू नये. २ फूट खोल पाण्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो होतो आणि वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास भार धरून आखलेला असतो.

## १. हंगाम आणि जागा

खणण्यासाठी दिवाळीनंतरचा ते होळीपूर्वीचा काळ उत्तम. पावसाळ्यात खड्ड्याच्या भिंती ढासळतात, खड्ड्यात पाणी साचते आणि कागद बसवला तरी त्याच्याखालचे भूजल त्याला वर उचलते, त्यामुळे तळ्याच्या मध्यभागी कागदाचा फुगा तयार होतो. वैशाखात खणले तर काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. अशा वेळी घट्ट बसवलेले काठ पहिल्या पावसात माती फुगली की जागा सोडतात.

जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. कुमुदाला फुले येण्यासाठी दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन लागते, पण विदर्भ-मराठवाड्यात दुपारी तीननंतर सावली मिळणारी जागा असेल तर पाणी कमी तापते. मोठ्या झाडाखाली तळे करू नये. पाने कुजून पाणी काळे पडते आणि वड, पिंपळ किंवा बांबू यांची मुळे कागदापर्यंत पोचतात. कण्हेरीची पाने आणि फुले विषारी असल्यामुळे कण्हेर काठाजवळ नसावी. घराच्या पायापासून किमान ७-८ फूट अंतर सोडावे आणि काळी माती असेल तर त्याहूनही जास्त. शोषखड्डा, सांडपाण्याची वाहिनी, नळाची वाहिनी आणि विजेची जमिनीखालची केबल कुठून जाते हे घर बांधणाऱ्याला किंवा प्लंबरला विचारून कागदावर आखून घ्यावे.

अंगणातला सर्वांत सखल कोपरा तळ्यासाठी नैसर्गिक वाटतो, पण तोच टाळावा. पावसाचे वाहते पाणी तिथे जमते आणि आपल्याबरोबर माती, शेणखत व वाफ्यांतले खत तळ्यात आणते. वाहून आलेल्या खतामुळे पाणी जितके लवकर हिरवे होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही.

कोकणात आणि गोव्यात दोन गोष्टी वेगळ्या असतात. जांभ्याच्या जमिनीत खणण्यासाठी पहार लागते आणि बाजूंना टोकदार खडे राहतात. शिवाय पावसाळ्यात भूजलाची पातळी जमिनीच्या अगदी जवळ येते. तिथे तळे १ फूट जमिनीत आणि १ फूट चिऱ्यांच्या बांधाने वर उचललेले असावे, म्हणजे कागद खालून उचलला जात नाही.

तपासणी: ठरवलेल्या जागी २ फूट खोल एक लहान खड्डा खणून तो रात्रभर ठेवावा. सकाळी त्यात झिरपून आलेले पाणी दिसले तर जागा बदलावी किंवा तळे उचलून बांधावे.

## २. आखणी आणि काठाची पातळी

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. पाणी नेहमी समपातळीतच उभे राहते. काठ एका बाजूला दोन इंच खाली असेल तर तळे त्याच बाजूने सांडते आणि समोरच्या बाजूला दोन इंच उघडा कागद दिसत राहतो. तो कागद उन्हात कडक होऊन फाटतो. आमच्या पहिल्या तळ्याचा दक्षिणेकडचा काठ नजरेने ठरवला होता. पाणी भरल्यावर तो चार बोटे खाली निघाला आणि सगळे दगड उचलून काम नव्याने करावे लागले. आठ फुटांच्या अंतरात उतार डोळ्यांना कळत नाही, म्हणून या बाबतीत नजरेवर मुळीच विसंबू नये.

प्रथम जाड दोरी किंवा पाण्याची नळी जमिनीवर टाकून आकार ठरवावा. अरुंद गळे, चंद्रकोर किंवा टोकदार कोपरे असलेले आकार टाळावेत, कारण तिथे कागदाच्या घड्या जमतात आणि पाणी फिरत नाही. आकार पटल्यावर त्याच्या कडेने फक्की टाकावी. त्यानंतर काठाच्या रेषेबाहेर एक फूट अंतरावर, दर दोन फुटांवर एक अशा खुंट्या ठोकाव्यात आणि गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल ट्यूबने सर्व खुंट्यांवर एकाच पातळीची खूण करावी. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे उभे राहते का हे आधी पाहून घ्यावे.

ही खूण म्हणजे तुमच्या तळ्याचा काठ. तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच असावा, म्हणजे बाहेरचे पाणी आत शिरणार नाही. जिथे जमीन खाली आहे तिथे भर घालून काठ उचलायचा असतो. उंच बाजू तासून खाली आणली तर अंगणातले पाणी त्या बाजूने आत येते.

सावधान: काठ उंच करण्यासाठी घातलेली माती थर देऊन, पाणी शिंपडून आणि धुमसाने ठोकून घट्ट करावी. नुसती ओढून ठेवलेली माती पहिल्याच पावसात बसते आणि पातळीचे सर्व काम वाया जाते.

## ३. कागदाची निवड आणि माप

खणण्याआधी कागद ठरवावा, पण विकत घेण्यापूर्वी खड्डा प्रत्यक्ष मोजावा.

महाराष्ट्रात सहज मिळणारा कागद म्हणजे शेततळ्यासाठी वापरतात तो ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद. तो उन्हात टिकतो आणि किंमतही परवडते. मात्र तो ताठ असल्यामुळे लहान तळ्याच्या वळणांवर नीट बसत नाही. तो वापरायचा असेल तर आकार साधा, जवळजवळ आयताकृती ठेवावा आणि कोपरे मोठ्या गोलाईचे करावेत. ईपीडीएम हा रबरी कागद महाग आहे, पण तो वळणांवर कापडासारखा बसतो. लहान तळ्यासाठी दोन्हींचा खर्च झेपत असेल तर मी रबरी कागदच घेण्यास सांगेन. निळी किंवा पिवळी ताडपत्री घेऊ नये. उन्हाने ती एक-दोन वर्षांत भुगा होते आणि तोपर्यंत तळ्यात झाडे व जीव स्थिरावलेले असतात.

मापाचे सूत्र असे: लांबीत खोलीची दुप्पट मिळवावी आणि दोन्ही काठांवर ठेवायचा एकेक फूट मिळवावा. रुंदीसाठीही हेच करावे. आपल्या उदाहरणात लांबी ८ + ४ + २ = १४ फूट आणि रुंदी ६ + ४ + २ = १२ फूट होते. पायरीसाठी वेगळे माप धरावे लागत नाही, कारण उभी आणि आडवी अंतरे या सूत्रात आलेलीच असतात. माप नेहमी तळ्याच्या सर्वांत लांब, सर्वांत रुंद आणि सर्वांत खोल जागी घ्यावे. दोन तुकडे जोडून कागद करू नये. घरी चिकटवलेला जोड पाण्याच्या दाबाखाली टिकत नाही.

सिमेंटच्या तळ्याबद्दल अनेक जण विचारतात. काळ्या मातीत पातळ सिमेंटकामाला ऋतूबरोबर तडे जातात. शिवाय नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की मासे जगत नाहीत. घरात जुना हौद असेल तर तो घासून, तीन वेळा भरून आणि दर वेळी आठवडाभराने रिकामा करून मगच वापरावा. चाचणीपट्टीवर पाण्याचा सामू (पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान स्थिर राहिला पाहिजे.

## ४. खणणे

आधी पूर्ण आकार १० इंच खोल खणावा. नंतर एका लांब बाजूला एक फूट रुंदीची पायरी सोडून उरलेला भाग २६ इंचांपर्यंत न्यावा. वरचे दोन इंच तळाच्या वाळूत जातात आणि खोली दोन फूट उरते. पायरीवरही वाळू येणार असल्यामुळे काठापासून वाळूपर्यंतचे अंतर आठ इंच राहते, आणि काठाजवळ वाढणाऱ्या झाडांच्या कुंड्यांना तेवढे पुरते. बाजू अगदी उभ्या नसाव्यात. घट्ट मुरमात प्रत्येक फूट खोलीला चार इंच आत असा उतार द्यावा आणि भुसभुशीत मातीत तो आणखी सौम्य करावा.

एका टोकाला, काठापासून पायरीपर्यंत, हाताच्या तळव्याएवढ्या रुंदीचा चढता उतार अवश्य ठेवावा. त्यावर नंतर खडबडीत दगड बसवायचे. पाणी पिण्यास आलेली खार, पाल किंवा पक्ष्याचे पिल्लू पाण्यात पडले तर बाहेर येण्याचा तोच मार्ग असतो. कागद गुळगुळीत असल्याने त्यांना त्याच्यावरून चढता येत नाही. बेडकांची नुकती शेपूट गळलेली पिलेही याच उतारावरून बाहेर पडतात.

निघालेली माती काठावर रचू नये. तिच्या वजनाने भिंत ढासळते. ती दहा फूट लांब टाकावी. वरची सुपीक माती आणि खालचा मुरूम यांचे ढीग वेगळे ठेवावेत, कारण काठाच्या भरीसाठी मुरूम उपयोगी पडतो आणि वाफ्यांसाठी माती.

तपासणी: खणून झाल्यावर सरळ फळी काठाच्या आडवी ठेवून तिच्यावर पाणसळ धरावी. लांबीने, रुंदीने आणि दोन्ही तिरक्या दिशांनी पाहावे. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर पुढचे काम थांबवून तो आधी दुरुस्त करावा. कागद टाकल्यावर ही दुरुस्ती तिपटीने अवघड होते.

## ५. गादी: कागदाखालचा थर

कागद क्वचितच वरून फाटतो. एखाद्या टोकदार खड्यावर दीड हजार किलो पाण्याचा दाब महिनोन्‌महिने राहिला की तो खालून फाटतो. म्हणून तळ आणि बाजू अनवाणी पायाने व उघड्या हाताने चाचपून पाहाव्यात. टोचणारा प्रत्येक खडा, मुळाचे प्रत्येक टोक काढून ती जागा ओल्या मातीने बुजवावी. त्यानंतर तळाला आणि पायरीवर दोन इंच चाळलेली वाळू पसरून दाबावी. उभ्या बाजूंवर वाळू टिकत नाही. तिथे जिओटेक्स्टाइल (मातीकामात वापरतात ते जाड कृत्रिम कापड) किंवा सिमेंटच्या रिकाम्या, झटकून धुतलेल्या प्लास्टिक गोण्यांचे दोन थर लावावेत.

तागाचे गोणपाट, जुन्या गोधड्या किंवा सुती गाद्या वापरू नयेत. त्या कुजतात, वाळवीला बोलावतात आणि कुजून गेल्यावर तिथे पोकळी राहते. अंगणात घुशींचा वावर असेल तर त्याचा बंदोबस्त तळ्याच्या आधी करावा. घूस कागद कुरतडते, आणि ती पोकरत येते काठाखालून, त्यामुळे नुकसान दिसेपर्यंत बराच काळ जातो. काठाबाहेर एक फूट खोल चर खणून त्यात विटांचे तुकडे ठासून भरणे हा त्यावर साधा उपाय आहे.

## ६. कागद पसरणे आणि पाणी भरणे

कागद सकाळी तासभर उन्हात पसरून ठेवला की मऊ होतो. तो ओढत नेऊ नये. दोघा-तिघांनी उचलून खड्ड्यावर धरावा आणि मध्यभाग हळूहळू खाली सोडावा. तो खड्ड्यात सैल बसला पाहिजे. ताणून बसवलेला कागद पाण्याच्या वजनाने कोपऱ्यांत फाटतो. आत उतरताना चपला, कमरेचे पट्टे आणि हातातली हत्यारे बाहेर ठेवावीत. काठावर विटा किंवा गुळगुळीत दगड ठेवून कागद तात्पुरता धरावा, पण जाम करू नये.

आता पाणी सोडावे. पाच-सहा इंच पाणी चढले की नळ बंद करून घड्या हाताने एका दिशेला वळवून मोठ्या आणि सपाट कराव्यात. बारीक बारीक वीस घड्यांपेक्षा चार मोठ्या घड्या बऱ्या. पाणी चढेल तसे काठावरचे वजन एकेक सैल करावे, म्हणजे कागद आत सरकून जागेवर बसतो. किती पाणी भरले याची नोंद ठेवावी. मीटर नसेल तर २०० लिटरच्या पिंपाला भरायला लागणारा वेळ मोजून हिशेब करावा. हा आकडा पुढे औषध, पंप आणि मासे ठरवताना प्रत्येक वेळी लागतो.

सावधान: या टप्प्यावर कागदाच्या कडा कापू नयेत. पाणी पूर्ण भरून किमान चार दिवस जाऊ द्यावेत. माती दबते, कागद सरकतो, आणि आधी कापलेला कागद नेमका एका बाजूला तोकडा पडतो. या एका घाईमुळे नवा कागद घ्यावा लागलेली घरे मी पाहिली आहेत.

## ७. काठ आणि जादा पाण्याची वाट

चार दिवसांनी एक फूट कड ठेवून उरलेला कागद कापावा. ही कड मातीखाली नुसती आडवी पुरली तर काठाची माती वातीसारखे पाणी शोषते आणि तळे न गळताही रिकामे होत जाते. कागदाची शेवटची तीन-चार इंच कड उभी वळवून मागे माती आणि पुढे दगड अशी धरावी. हे उभे टोक दिसू नये, पण ते मातीखाली गाडलेलेही नसावे. हिरवळीची मुळे किंवा नारळाचा काथ्या या टोकावरून आत लोंबकळू लागला तरी पाणी तसेच ओढले जाते.

काठाचे दगड पाण्यावर एक-दोन इंच पुढे आलेले असावेत, म्हणजे पाणी आणि दगड यांच्यामधला कागद सावलीत राहतो. उन्हाने कागद खराब होण्याची सुरुवात याच पट्ट्यात होते. दगड सिमेंटमध्ये बसवायचे असतील तर सिमेंटचा एकही थेंब पाण्यात पडता कामा नये. पडलाच तर पाणी काढून पुन्हा भरावे.

पाण्याची नेहमीची पातळी काठाखाली दोन इंच असावी आणि त्या पातळीला दीड इंची पाइप बसवून तो एखाद्या आळ्यात सोडावा. पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तळ्याची पातळी चार इंचांनी वाढते, म्हणजे दोन इंचांची मोकळीक पुरत नाही. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. केळी, अळू किंवा कर्दळीचे आळे या पाण्यावर उत्तम पोसते. पाइप ओढ्यात किंवा सार्वजनिक गटारात सोडू नये, कारण तळ्यातले मासे आणि वनस्पती तिथे पोचणे इष्ट नाही.

घरात किंवा शेजारी लहान मुले असतील तर काठाचे काम पूर्ण होईपर्यंत थांबू नये, खणायला सुरुवात करतानाच कुंपण घालावे. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. पाण्याखाली दोन इंचांवर, तळाला टेकवलेल्या पायांवर उभी केलेली मजबूत लोखंडी जाळी हा अधिक खात्रीचा उपाय आहे. जाळीची टोके कागदाला टेकतात तिथे रबराचे तुकडे द्यावेत.

पंप लावायचाच असेल तर तासा-दोन तासांत सर्व पाणी एकदा फिरवेल इतका पुरे. त्याची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर पाण्यात पंप सोडू नये. झाडे भरपूर आणि मासे मोजके असतील तर पंपाशिवायही तळे चांगले राहते. पंप लावलात तर कुमुद त्याच्या धारेपासून दूर ठेवावे, कारण पानांवर सतत पडणारे पाणी त्याला मानवत नाही.

## ८. झाडे: माशांच्या आधी

नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या तळ्यात दोन-तीन दिवसांत उडून जातो. त्यानंतर झाडे लावावीत. तीन प्रकारची झाडे लागतात. पाण्याखाली वाढणारी हायड्रिला किंवा वॅलिस्नेरिया पाण्यातले क्षार खाते. कुमुद आपल्या पानांनी पाण्यावर सावली धरते. पायरीवर वेखंड किंवा पाणकणीस लावता येते, मात्र पाणकणीस नेहमी कुंडीतच असावे, कारण त्याची टोकदार मुळे कागद भेदतात. कमळ आणि कुमुद वेगळी आहेत. कमळाला मोठे, स्वतंत्र भांडे लागते आणि या आकाराच्या तळ्यात ते बाकी सर्व झाडांना झाकून टाकते. म्हणून येथे कुमुद निवडावे.

कुंडीत शेतातली चिकण माती भरावी. शेणखत, गांडूळखत, कोकोपीट किंवा तयार पॉटिंग मिश्रण घालू नये. यातले काही तरंगून वर येते आणि उरलेले पाण्यात विरघळून शेवाळाला खत पुरवते. मातीवर धुतलेल्या खडीचा इंचभर थर द्यावा. कुमुदाची कुंडी सुरुवातीला विटांवर अशी ठेवावी की तिच्यावर सहा इंच पाणी असेल. पाने वर आली की दर आठवड्याला एकेक वीट काढावी. पाने पाण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकतील एवढी झाडे पुरेशी आहेत.

जलपर्णी कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. तिची जांभळी फुले सुंदर असतात, पण दोन-तीन आठवड्यांत ती पसारा दुप्पट करते, आणि महाराष्ट्रातल्या नद्यांचे तिने काय केले आहे ते आपण दर उन्हाळ्यात पाहतो.

काय होईल आणि काय करू नये: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी वाटाण्याच्या सुपासारखे हिरवे होईल. ही चूक नाही. नव्या पाण्यात क्षार जास्त आणि झाडे लहान असतात, त्यामुळे तरंगते शेवाळ आधी वाढते. या वेळी घाबरून तळे उपसणे, कागद घासणे आणि नवे पाणी भरणे ही सर्वांत मोठी चूक आहे. नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात, घासण्याने कागदावर जमू लागलेले उपयोगी जिवाणू जातात, आणि पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा हिरवे होते. मोरचूद तर मुळीच टाकू नये. त्याने मासे, गोगलगायी आणि बेडकांची पिलावळ मरते. झाडे वाढू द्यावीत. सहा ते आठ आठवड्यांत पाणी आपोआप निवळते.

## ९. डास आणि मासे

येथे एक खरी अडचण आहे. माशांच्या विष्ठेतला अमोनिया निकामी करणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, पण डासाची अंडी घातल्यापासून डास उडेपर्यंत आपल्या हवामानात आठ-दहा दिवसच पुरतात. महिनाभर मासे न सोडता थांबले तर शेजाऱ्यांना डेंग्यूचा धोका होतो, आणि पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले तर तेच मरतात.

म्हणून मधला मार्ग घ्यावा. झाडे लावल्यावर, म्हणजे साधारण आठव्या दिवशी, फक्त पाच-सहा लहान मासे सोडावेत आणि त्यांना काहीही खायला घालू नये. डासांच्या अळ्या त्यांना पुरतात. तोपर्यंतचे आठ दिवस सोडले तरी चालतात, परंतु अळ्या दिसल्याच तर बीटीआय या जिवाणूवर आधारित अळीनाशकाची पाकिटावर दिलेली मात्रा वापरावी. मासे आणि झाडांना ते अपाय करत नाही. रॉकेल किंवा जळके तेल तळ्यात टाकू नये.

मासे कोणते? आरोग्य विभाग डास निर्मूलनासाठी वापरतात ते गप्पी सहज मिळतात आणि स्वतःच वाढतात, पण ते परदेशी आहेत. ते बाहेरच्या पाण्यात जाता कामा नयेत. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला देशी पिकू मिळाला तर तो मला जास्त पसंत आहे. तो पृष्ठभागाजवळ राहतो आणि अळ्या तत्परतेने टिपतो. गंबुसिया टाळावा, कारण तो बेडकांच्या पिलांवर आणि इतर माशांवर हल्ला करतो. गोल्डफिश फार घाण करतात आणि झाडे उपटतात. कोई माशांना याहून खोल तळे आणि मोठे गाळणयंत्र लागते, ते येथे आणू नयेत. शुभ म्हणून कासव सोडण्याची प्रथा काही घरांत आहे. देशी कासवे पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा ठरते, आणि परदेशी लाल कानाचे कासव काही महिन्यांत सगळी झाडे आणि मासे संपवते.

मासे संध्याकाळी सोडावेत. त्यांची पिशवी वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, नंतर दर पाच मिनिटांनी थोडे तळ्याचे पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नये. सहाव्या आठवड्यानंतर आणखी दहा-बारा मासे सोडता येतील. सकाळच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर प्राणवायू कमी पडतो आहे असे समजून ताजे, क्लोरीन गेलेले पाणी धारेने सोडावे आणि कुजलेली पाने काढावीत.

वंचक आणि खंड्या तळ्यावर येतील. एक-दोन मासे ते नेतील. खोल भागात उलटी ठेवलेली फुटकी मडकी माशांना लपायला पुरतात. बेडूक आले की मागोमाग पाणदिवडही येऊ शकते. ती बिनविषारी असते, तिला मारू नये. तरीही साप नक्की ओळखता आला नाही तर जवळ न जाता सर्पमित्राला बोलवावे.

## १०. वर्षभराची निगा

उन्हाळ्यात, विशेषतः देशावर आणि विदर्भात, बाष्पीभवनाने पातळी रोज जवळजवळ एक सेंटिमीटर उतरते, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी जाते. ते दर दोन-तीन दिवसांनी, पिंपात एक-दोन दिवस ठेवलेल्या पाण्याने भरून काढावे. एकाच वेळी एकूण पाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नवे पाणी घालू नये. बोअरचे पाणी फार जड असेल तर पावसाळ्यात पागोळीचे पाणी साठवून ते वापरावे. माघ-फाल्गुनात कुमुदाचे कंद काढून विभागावेत. पावसाळा संपल्यावर तळातला गाळ थोडा काढावा, सगळा नाही. गणपतीचे विसर्जन या तळ्यात करू नये. शाडूची मातीदेखील पाणी गढूळ करते आणि माशांचे कल्ले भरून टाकते. त्यासाठी मोठी बादली किंवा घंगाळ वेगळे ठेवावे आणि विरघळलेली माती नंतर झाडांना घालावी.

## ११. पाणी घटत असेल तर

आधी ते गळते आहे की उडून जाते आहे हे ठरवावे. बादली पाण्याने भरून पायरीवर अशी ठेवावी की आतले आणि बाहेरचे पाणी एकाच उंचीवर असेल, आणि दोन्ही ठिकाणी खूण करावी. या काळात पंप बंद असावा. दोन दिवसांनी दोन्हींची पातळी सारखी उतरली असेल तर ते बाष्पीभवन आहे. तळ्याची जास्त उतरली असेल तर प्रथम काठाभोवती फिरून कागदाचे उभे टोक कुठे खाली बसले आहे, कुठे मुळे किंवा माती त्यावरून आत आली आहे ते पाहावे. बहुतेक गळती इथेच मिळते.

काठ ठीक असेल तर पाणी न घालता पातळी उतरू द्यावी. ती जिथे थांबेल त्याच्या किंचित वर भोक असते. मात्र निम्म्याहून कमी पाणी उरले तर मासे पिंपात हलवावेत. त्या रेषेजवळच्या घड्यांपाशी स्थिर पाण्यात दुधाचा एकेक थेंब सोडत जावे. भोक असेल तिथे दुधाची रेघ आत ओढली जाताना दिसते. रबरी कागदाला त्याच्यासाठीच मिळणाऱ्या पट्टीने ठिगळ लावता येते. कागद आधी पूर्ण कोरडा आणि स्वच्छ करावा. एचडीपीईला मात्र कोणताही डिंक धरत नाही. शेततळ्याचे अस्तरीकरण करणारे कारागीर गरम हवेच्या यंत्राने त्याला जोड देतात, त्यांनाच बोलवावे. ठिगळ लावल्यावर कागदाखालचा भोकाचा भाग हाताने चाचपावा. ज्या खड्याने भोक पाडले तो अजून तिथेच असतो, आणि तो काढून वाळू भरल्याशिवाय पुन्हा पाणी सोडू नये.